कच्च्या टाक्यावर इस्त्री

शिंपीकामातलं कुणी मास्तरांना शिकवायला गेलं की त्याची धडगत नसे. एखादं गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून "बाही जरा आखूड वाटते" असं पुटपुटलं, तर मास्तर चष्म्याच्या वरून त्याच्याकडे असे बघत, की त्या बिचाऱ्याला आपलाच हात लांब झाल्याची शंका यावी. बाहेरच्या खोलीत दुकान, आतल्या खोलीत संसार आणि मधे एक पडदा. पडद्याच्या अलीकडे मास्तर कापायचे, शिवायचे. पलीकडे त्यांची बायको काजं करायची, बटणं लावायची, तुरपाई करायची. गिऱ्हाइकं तिला मास्तरीणबाई म्हणत. लग्न होऊन आली तेव्हा तिला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. जे काही आलं ते मास्तरांकडून आलं, आणि बरंचसं बोलणी खाऊन आलं.

सगळ्यात मोठी चूक तिच्या हातून लग्नानंतर लगेचच झाली. मास्तरांनी एका बड्या गिऱ्हाइकाचा काळा कोट कच्चे टाके घालून टांगला होता. पक्की शिलाई मारण्याआधी तुकडे पांढऱ्या दोऱ्याने लांब लांब टाके घालून नुसते जोडून ठेवायचे, अंगावर चढवून बघायचं, नीट बसलं की मशीन मारायची आणि मग तो पांढरा दोरा ओढून टाकायचा, अशी ती रीत. नव्या नवरीला काय ठाऊक! कोट चुरगळलेला दिसला, नवऱ्याला बरं वाटेल म्हणून तिने अंगातलं सगळं बळ लावून त्यावर कडक इस्त्री फिरवली. दोरा काढला तर काळ्या कापडावर टाक्यांचे वळ उठलेले, आणि काही केल्या ते जाईनात. मास्तर ओरडले नाहीत. ओरडले असते तर परवडलं असतं. त्यांनी आठवडाभर अबोला धरला आणि मग एकच वाक्य बोलले, "कच्च्या टाक्यावर इस्त्री फिरवायची नाही. मरेपर्यंत लक्षात ठेव." तिने ते लक्षात ठेवलं.

पुढे संसार झाला, लेक मोठी होऊन दूरच्या गावी नांदायला गेली, आणि मास्तरांचा डावा डोळा गेला. कधी गेला ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. काचबिंदू हा चोरपावलांनी येणारा आजार. दुखत नाही, खुपत नाही. कडेकडेने दिसायचं कमी होत जातं आणि माणूस मान वळवून वळवून निभावून नेतो. मास्तरांनी बरेच दिवस निभावून नेलं. खांदा दाराच्या चौकटीला लागला की शिव्या चौकटीला, कात्री सापडली नाही की बायकोला. एक दिवस कात्री कापडावरून सरळ त्यांच्या बोटावर गेली, तेव्हा ती त्यांना जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डावा डोळा हाताबाहेर गेलेला होता. उजव्यात मधोमध तेवढी नजर उरली होती, आणि थेंब घालूनही आतला दाब उतरत नव्हता.

डॉक्टरीणबाई वयाने त्यांच्या लेकीएवढी. समजावून सांगायची त्यांना मोठी हौस, आणि हातोटीही. त्या म्हणाल्या, "मास्तर, डोळ्यात सारखं पाणी तयार होत असतं आणि बारीक वाटेने बाहेर जात असतं. तुमची ती वाट तुंबलीय. मी नवी वाट काढून देते. पण शरीर वेडं असतं, त्याला वाटतं ही जखमच आहे, आणि ते ती बुजवून टाकतं. म्हणून वाटेच्या तोंडावर मी एक स्पंजासारखी चकती ठेवणार. शर्टाच्या बटणाहून लहान. मांस तिच्याभोवती सैलसर भरतं, वाट बुजत नाही."

"आणि ती चकती काढायला पुन्हा चिरफाड?" मास्तरांनी विचारलं.

"काढायचीच नाही. काही महिन्यांत आपोआप विरघळून जाते." मग डॉक्टरीणबाईंची नजर मास्तरांच्या गळ्यातल्या मापाच्या टेपकडे गेली. "तुम्ही कच्चा टाका घालता ना? तसंच समजा. पक्कं होईपर्यंत धरून ठेवायचं, मग त्याचं काम संपलं."

मास्तरांचा चेहरा असा खुलला की बायकोला हसू आलं. दवाखान्यात जाताना ज्या माणसाच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता, तो येताना रस्ताभर बोलत होता. पुढचे कितीतरी दिवस जो कुणी दुकानाची पायरी चढेल त्याला हे ऐकावं लागलं. "आता डोळ्यातसुद्धा कच्चा टाका घालतात. आमचीच विद्या!" असं म्हणून ते मिशीतल्या मिशीत हसायचे. लोकांचे कोट शिवण्यात जन्म गेला, स्वतःला म्हणून एक शिवला नव्हता. ऑपरेशनच्या आधी त्यांनी ट्रंकेत जपून ठेवलेलं गडद निळं लोकरी कापड काढलं, स्वतःच्या मापाने बेतलं आणि कच्चे टाके घालून खुंटीला अडकवलं. म्हणाले, "डोळा बरा झाला की मशीन मारतो. ऐटीत घालून हिंडतो की नाही बघ!"

ऑपरेशन झालं. पट्टी सुटली तेव्हा मास्तरांनी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळातले काटे वाचून दाखवले आणि मास्तरीणबाईंचा जीव भांड्यात पडला. दाब चांगला उतरला होता. जखम सुकायला लागल्यावर सिस्टरने दोघांना बोलावलं. ही बाई उंच, खणखणीत आवाजाची, पण हात मऊ. ती म्हणाली, "आता काकू, तुमचं काम. रोज चार-सहा वेळा यांनी डोळा मिटायचा आणि तुम्ही पापणीवरून बोटाने हलकेच दाबायचं, सोडायचं. पाणी नव्या वाटेने वाहतं राहिलं की वाट उघडी राहते. बाजारात टोमॅटो पिकलाय का बघतो ना, तेवढंच." तिने मास्तरीणबाईंचं बोट धरून त्यांच्याच मिटलेल्या पापणीवर ठेवून नीट शिकवलं.

मास्तरांनी दवाखान्यात ब्र काढला नाही. घरी आल्यावर तिने हात धुतले, त्यांना खुर्चीत बसवलं, तर त्यांनी तिचं मनगट धरलं.

"काय करतेस?"

"अहो, सिस्टरने सांगितलं ते."

"सिस्टर कोट शिवते का? आत कच्चा टाका आहे. डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या. पक्कं व्हायच्या आत त्यावर दाब द्यायचा? अगं, तुला मी काय शिकवलं होतं?"

"पण त्यांनी तर बोट धरून शिकवलं..."

"डॉक्टरीणबाईंनी टाका घातला, त्यांना कळतं. सिस्टर सगळ्यांना तेच पढवते, पोपटासारखं. ज्याच्यात टाका नाही त्याला दाबून चालत असेल. माझ्या डोळ्यात टाका आहे. चुकून सरकला, वळ उठला, तर कुणाच्या बापाला निस्तरता येणार नाही. एवढा एकच डोळा आहे मला."

शेवटचं वाक्य ते हळू बोलले. खरं सांगायचं तर तिलाही ते पटलं होतं. कापडाच्या गोष्टीत मास्तर चुकलेले तिने कधी पाहिले नव्हते, आणि आता डोळाही कापडातच जमा झाला होता. तरी मनाला चैन पडेना. एका दुपारी ते खुर्चीत डुलकी घेत होते, तेव्हा ती पाय न वाजवता जवळ गेली आणि तिने बोट पापणीपाशी नेलं. तेवढ्यात तिच्या डोळ्यांपुढे तो काळा कोट आणि त्यावरचे ते पांढुरके वळ आले. तिने हात मागे घेतला आणि आत जाऊन काजं करत बसली.

पुढच्या तपासणीला सिस्टरने विचारलं, "काकू, दाबताय ना?"

मास्तर शेजारीच बसले होते. चार लोकांत नवऱ्याचा हेकटपणा उघडा पाडायचा, हे तिला कधी जमलं नव्हतं. ती "हो" म्हणाली. सिस्टरने शाबासकी दिली. त्यानंतर प्रत्येक वेळी हो म्हणणं सोपं होत गेलं. दाब थोडा चढला, डॉक्टरीणबाईंनी थेंब वाढवले आणि म्हणाल्या, "दाबणं चुकवू नका हं." मास्तरीणबाईंनी मान हलवली. रस्त्यात मास्तर म्हणाले, "टाका विरघळला की बघ दाब कसा झपकन उतरतो." त्यांच्या आवाजात एवढी खात्री होती की तीही दिवस ढकलत राहिली.

मग एका सकाळी, खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं असताना, पडद्यापलीकडून मास्तरांचा वैतागलेला आवाज आला. "हा खडू कुठून आणलास? लिहितच नाही!"

ती बाहेर आली. पाटावर काळं कापड पसरलेलं होतं आणि त्यावर खडूच्या रेघा होत्या. एक नाही, दहा-बारा. पांढऱ्याशुभ्र, एकावर एक, वेड्यावाकड्या. मास्तर खडूचं टोक जिभेला लावत होते आणि आणखी एक रेघ मारत होते. खडूत काहीही खोट नव्हती.

दवाखान्यात धावपळ झाली. नवी वाट पार बुजली होती. चकती विरघळून गेली होती आणि तिच्या जागी घट्ट वण धरला होता. दाब केव्हाचा चढला होता. डॉक्टरीणबाईंनी सुईने तो वण सोडवून पाहिला, मग दुसरं ऑपरेशनही केलं. दाब उतरला, पण नजर आली नाही. नस वाळली की ती परत हिरवी होत नाही, असं त्या म्हणाल्या आणि बराच वेळ कागद चाळत बसल्या. मग त्यांनी विचारलं, "काकू, मला एकच सांगा. दाबणं कधी चुकलं होतं का?"

तिने तोंड उघडलं, पण तिच्या आधी मास्तर बोलले. "रोज दाबायची ती. एक दिवस चुकली नाही."

डॉक्टरीणबाईंनी टेबलावरून हात पुढे करून मास्तरीणबाईंच्या हातावर ठेवला. "मग मनाला लावून घेऊ नका. तुम्ही सगळं केलंत. एखाद्याची जखम फारच घाईने भरते, त्याला कुणाचा इलाज नाही." त्या हाताखाली मास्तरीणबाईंचा हात भाजल्यासारखा झाला. शिवी दिली असती तर तिने ती पदरात घेतली असती. मास्तर तिला वाचवायला खोटं बोलले होते हे तिला कळत होतं, आणि म्हणून ती जास्तच रडली. त्यावर दोघांत घरी एक अक्षर निघालं नाही.

दुकान बंद झालं. मास्तर खुर्चीत बसायचे, हातात एखादी चिंधी घेऊन तिचे धागे सुटे करायचे. निळा कोट खुंटीवर तसाच होता, पांढऱ्या टाक्यांसकट.

महिन्याभराने दुसऱ्या ऑपरेशनच्या तपासणीसाठी दोघं दवाखान्यात बाकावर बसले होते. पलीकडे एक तरुण मुलगी वडिलांना घेऊन आली होती. त्यांच्याही डोळ्यात तशीच चकती घातलेली. मुलगी सिस्टरला काकुळतीने सांगत होती, "माझा हात कापतो हो. दाबताना आतलं ते तुटलं, सरकलं तर?"

"काही तुटत नाही. त्या काकूंना विचार, त्या रोज दाबायच्या," असं म्हणून सिस्टर हातातला ट्रे सांभाळत आत गेली.

मुलगी उठून त्यांच्याजवळ आली. "काकू, तुम्ही रोज दाबायचात? काही त्रास नाही ना झाला काकांना?"

"रोज दाबायची," मास्तर समोरच्या भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

"मग आता बरं दिसत असेल ना?"

मुलीने मास्तरांच्या डोळ्यांकडे पाहिलं, हातातल्या काठीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. ती वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, ऐकलंत? एवढं रोज दाबूनही..."

"मग राहू दे ना," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. "मला नकोच वाटतं ते. व्हायचं ते होईल."

"हो, राहू दे," मुलगी म्हणाली.

मास्तर ताठ बसले होते, काठीवरची त्यांची बोटं पांढरी पडली होती. मास्तरीणबाईंना वाटलं, आता आपण गप्प राहिलो तर या माणसाचाही डोळा आपल्याच माथी. तिने मुलीचा हात धरला.

"बाळ, आम्ही दाबलं नाही."

"काय?"

"एकदाही नाही दाबलं. सिस्टरला खोटं सांगितलं, डॉक्टरीणबाईंना खोटं सांगितलं. आतलं काही बिघडेल म्हणून मी हात लावला नाही. तुझा हात कापतो ना? माझाही कापायचा. तू कापऱ्या हाताने दाब, पण दाब." तिने आपला डोळा मिटला, मुलीचं बोट पापणीवर ठेवलं. "हे एवढं. टोमॅटो बघतो तसं. बघ, मला काही होतंय का?"

मग मास्तरांनी घसा खाकरला. "तिने दाबलं असतं," ते म्हणाले. "मी दाबू दिलं नाही. माझं शहाणपण आडवं आलं. तिला कुणी बोल लावू नका."

मुलगी वडिलांपाशी गेली, "डोळे मिटा बाबा" म्हणाली आणि तिथेच बाकावर बसून दाबू लागली.

आत गेल्यावर मास्तरांनी डॉक्टरीणबाईंनाही सगळं सांगितलं, कच्च्या टाक्यापासून. त्या ऐकत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "टाक्याची गोष्ट मीच सांगितली होती ना तुम्हाला?"

"तुम्ही बरोबरच सांगितली होती," मास्तर म्हणाले. "पुढचं मी माझ्या मनाने शिवलं. दाबलं असतं तर वाचला असता का डोळा?"

"तसं छातीठोक सांगता येत नाही, मास्तर. वाचला नसता असंही म्हणवत नाही."

घरात शिरल्यावर मास्तर खुर्चीत न बसता भिंत चाचपत खुंटीपर्यंत गेले आणि त्यांनी निळा कोट खाली काढला.

"इस्त्री तापव."

"अहो, टाके आहेत अजून त्यात."

"असू दे. बाहीवर फिरव. सिस्टरने शिकवलं तेवढ्याच हलक्या हाताने. बघायचंय मला एकदा."

तिला त्यांचं मन कळलं आणि नाही म्हणवेना. तिने इस्त्री तापवली, बाही पाटावर सरळ केली आणि टाक्यांवरून हलका हात फिरवला. मास्तर शेजारी उभे राहून वाफेचा वास घेत होते. "आता दोरा काढ."

"बाही सुटेल."

"सुटू दे. कोण घालणार आहे तो आता?"

तिने पांढरा दोरा ओढला. बाही उघडी झाली. ती ते कापड खिडकीशी घेऊन गेली, उजेडात धरलं, तिरपं करून पाहिलं, उलटं करून पाहिलं. कापड गुळगुळीत होतं. वळ नव्हता, खूणही नव्हती. तो काळा कोट बिघडला होता तो एका अडाणी पोरीच्या दांडग्या हाताने, टाक्यावर इस्त्री फिरली म्हणून नव्हे. एवढी साधी गोष्ट दोघांनाही इतक्या वर्षांत सुचली नव्हती.

"उठले का गं वळ?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"उठले," ती म्हणाली. "चांगले उठलेत. त्या काळ्या कोटावर होते ना, अगदी तसेच."

मास्तरांनी हात पुढे केला. तिने बाही त्यांच्या हातात दिली आणि मग तिला वाटलं, द्यायला नको होती. ती बोटं अंधारातही कापडाचा एखादा ओढलेला धागा शोधून काढायची. बोटं बाहीवरून एकदा गेली, परत आली, पुन्हा गेली आणि थांबली. मास्तरांच्या ओठांचं टोक हललं. त्यांना कळलं आहे, हे तिला कळलं.

"हो," मास्तर म्हणाले. "उठलेत खरे."

त्यांनी बाही खाली ठेवली आणि खुर्चीत बसले. मग तिचा हात चाचपून शोधला, तिचं बोट धरून आपल्या उजव्या पापणीवर नेलं आणि डोळा मिटला.

"दाब," ते म्हणाले.

तिने दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. पापणीच्या कडेने पाणी येऊन तिच्या बोटावरून मनगटापर्यंत ओघळलं. तिने हात काढला नाही.